सात वर्षांचा हप्ता आणि अडीच वर्षांची वॉरंटी

चांदवडहून प्रतिक्रिया देणारे भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘सिबिल (म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुणांक) खराब असेल तर जुनी गाडी घ्या’ हा माझ्या आधीच्या लेखातला सल्ला तुम्हाला लागला. हा गरिबाच्या गळ्यात भंगार मारण्याचा प्रकार आहे, असं तुम्ही लिहिलंत. फायनान्सवाले व्याज जास्त लावून का होईना नवी गाडी देतात, तिला वॉरंटी असते, आणि जुनी गाडी घाटात बंद पडली की त्या दिवसाची कमाई बुडते, हे तुमचं म्हणणं.

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. ऐन द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत चांदवडजवळच्या राहुड घाटात माझ्या गाडीचा क्लच गेला होता. टोचन करून ती चांदवडला आणली, दोन दिवस गेले. ज्या बागायतदारांना पेस्टिंगच्या (छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना औषध लावण्याच्या) दिवशी येतो म्हणून शब्द दिला होता, त्यांच्याकडे पोचलोच नाही. छाटणी झाल्यावर पेस्टिंग कुणासाठी थांबत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे काढायला हवेत, हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, ती चूक माझी. मी आता किलोमीटरला एक रुपया बाजूला टाकतो आणि त्याला घरात कुणी हात लावत नाही.

वॉरंटीचं मात्र जरा हिशेबाने बघू. तुमचं फिरणं महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला ४२ हजार. मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली वॉरंटी वाढवून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, जे आधी होईल ते. तुमचे लाख किलोमीटर अडीच वर्षांच्या आतच भरतात. आता समजा खराब सिबिलमुळे १६ टक्क्यांनी ७ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी मिळालं. हप्ता साधारण १३,९०० रुपये. २९ हप्ते भरून झाल्यावर वॉरंटी संपलेली असेल आणि मुद्दल किती उरलेलं असेल? जवळजवळ ५ लाख ४० हजार. लाखभर चाललेल्या गाडीला बाजारात तेवढे येतील का, हे तुम्हीच विचारून बघा. पुढची साडेचार वर्षं दुरुस्तीही तुमची आणि हप्ताही तुमचाच. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मीटरवर २ लाख ९४ हजार असतील.

त्यापेक्षा ६० हजार चाललेली गाडी तीन वर्षांच्या कर्जावर घेतली, तर कर्ज फिटेल तेव्हा ती १ लाख ८६ हजारांवर असेल. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं छोटं पेट्रोल इंजिन तिथपर्यंत चांगलं जातं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे, की गाडी थकायच्या आधी कर्ज संपलं पाहिजे.

‘तुम्हाला सिबिलचं दुःख काय कळणार’ असंही तुम्ही लिहिलंत. कळतं हो. लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला, क्रेडिट कार्ड थकलं, मी सेटलमेंट केली, म्हणजे थोडी रक्कम भरून खातं मिटवलं, आणि सुटलो असं वाटलं. पुढे गाडीसाठी गेलो तेव्हा रिपोर्टवर ‘सेटल्ड’ हा शब्द दिसला आणि बँकेने फाइल परत दिली. मग एका एजंटाने तीन लाख दिले, ‘फक्त १२ टक्के’ म्हणाला. ४८ हप्ते, प्रत्येकी ९,२५०. घरी येऊन बेरीज केली तेव्हा कळलं की ते १२ टक्के फ्लॅट होते. म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच. रिड्यूसिंगने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर तो दर २१ टक्क्यांच्या जवळ जातो. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी बायकोच्या पाटल्या ठेवून सोनेतारण घेतलं आणि ते कर्ज लवकर बंद केलं. पाटल्या सोडवून आणल्या त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, फक्त लगेच हातात घालून बघितल्या. म्हणून सांगतो, सही करण्याआधी ‘फ्लॅट की रिड्यूसिंग’ आणि ‘मुदतीआधी फेडलं तर किती कापणार’ हे दोन प्रश्न विचाराच, आणि उत्तर कागदावर घ्या.

भंगार गळ्यात पडू नये याचीही काळजी घेता येते. मला एक २०१७ ची गाडी दाखवली होती, मीटर ३८ हजार. ब्रेक पेडलचं रबर एका कोपऱ्यात पार गुळगुळीत झालेलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुना रेकॉर्ड काढायला लावला, तर दोन वर्षांपूर्वीच ती १ लाख १२ हजारांवर होती. मी तिथूनच परत फिरलो. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडीही आपल्याकडे विकायला येते. नाशिकच्या गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की गोदाकाठच्या गाड्यांचं काय होतं ते आपण बघतोच. मागच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा. गाळाची रेघ तिथे राहते. आणि आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, नाहीतर नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत चकरा तुम्हालाच माराव्या लागतील.

सिबिलचंही काम आजच सुरू करा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सेटल केलेल्या खात्याची उरलेली रक्कम भरून ‘नो ड्यूज’ घेतलं तर नोंद ‘क्लोज्ड’ करून मागता येते. मी तेच केलं.

तुम्हाला मिळालेल्या ऑफरचा दर, मुदत, हप्ता आणि प्रोसेसिंग फी इथेच खाली लिहा. रविवारी मी तिचा महिन्यावार तक्ता मांडून देतो. तोवर टोकन म्हणून आगाऊ पैसे देऊ नका.