पाहुणे फिरायला जातात, तेव्हा घरची बाई कुठे असते?

नाताळच्या सुट्टीत नातेवाइकांकडे उतरावे आणि तिथून आजूबाजूचा न पाहिलेला मुलूख पाहून यावा, ही पद्धत मला हॉटेलातल्या मुक्कामापेक्षा केव्हाही बरी वाटते. फक्त ज्या घरी पाहुणे उतरतात त्या घरातली बाईसुद्धा त्या सुट्टीत सामील असली पाहिजे, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. सोलापूर हे माझे सासर असल्यामुळे मी हे यजमानांच्या बाजूने लिहीत आहे.

आमच्या शहराची अडचण अशी की पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट ही तिन्ही ठिकाणे इथून सकाळी निघून दुपारी परतण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात तेच मुळी यादी खिशात घालून. पोहे खाऊन तुळजापूर, दुपारी जेवायला घरी, चारचा चहा घेऊन अक्कलकोट, दुसऱ्या दिवशी पंढरपूर आणि त्याच रात्रीची गाडी. देवदर्शनाला माझी हरकत नाही, मीही श्रद्धेने जाते. परंतु या वेळापत्रकात आमचे घर म्हणजे केवळ खाणावळ होऊन बसते, आणि ज्या आत्या-काकूंना भेटायला म्हणून मुले आणलेली असतात त्यांच्याशी त्यांचे बोलणे होते ते निघताना, सोलापुरी चादर पिशवीत कोंबता कोंबता.

गेल्या नाताळात ठाण्याहून माझी नणंद सहकुटुंब येणार होती. तेव्हा मी फोनवरच सुचवले की एक पूर्ण दिवस सर्वांनी मिळून अशा ठिकाणी जायचे, जे त्यांनीही पाहिलेले नाही आणि आम्हीही नाही. असे ठिकाण शोधायला लांब जावे लागले नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलचे नाव इथे सर्वांनाच ठाऊक असते, पण पाहुणा आल्याशिवाय आपण आपले गाव पाहत नाही, तशी आमचीही गत होती.

स्वयंपाकाचा प्रश्न कडक भाकरीने सोडवला. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ज्वारीची ही भाकरी अगदी पातळ थापून पूर्ण वाळेपर्यंत भाजतात, ती पापडासारखी कडकडीत होते आणि कितीतरी दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही असले की पहाटे चारला उठून पुऱ्या तळण्याचे कारण उरत नाही. भाकऱ्या मी बचत गटाच्या बायकांकडून विकत आणल्या. सासूबाईंना ते रुचले नाही. “पाहुण्यांपुढे विकतची भाकरी ठेवायची?” असे त्या म्हणाल्या, तेव्हा नणंदच पुढे झाली. “आई, मी या घरात पाहुणी कधीपासून झाले?” त्यानंतर विषय संपला आणि सकाळी सासूबाई सर्वांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

कुडलला भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरे आहेत, त्यांपैकी हरिहरेश्वराचे मंदिर तर मातीच्या ढिगाऱ्याखालून उत्खनन करून बाहेर काढलेले आहे. त्याच उत्खननात तिथले बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर 359 मुखे कोरलेली आहेत आणि मूळ लिंग धरून ती संख्या 360 होते, असे सांगतात. आमच्या भाच्याला हे सांगून पटेना, म्हणून तो बोट न लावता रांगेरांगेने मुखे मोजू लागला, मध्येच त्याची धाकटी बहीण काहीतरी विचारी आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मात्र त्या खटाटोपामुळे आम्ही सर्व जण तिथे बराच वेळ थांबलो, आणि लांबून एकसारखे वाटणारे चेहरे जवळून तसे नाहीत, हे नीट पाहता आले. संगमेश्वराच्या मंदिरात शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. हे वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचे मराठी वाक्य त्यात आहे, आणि त्याची गणना मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत होते. तो उजेडात आणला तो सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी. आपल्या शहरात त्यांचे नाव याहून अधिक घेतले जायला हवे, असे मला वाटते.

परतताना ओळखीच्या शेतावर हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेले कणीस हातात घेतले की आधी तळवा पोळतो, मग ते चोळून हिरवे दाणे सुटतात, आणि ते गरम असतानाच खायचे असतात. रब्बीची ज्वारी बहुतांशी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढते, ही गोष्ट नणंदेच्या यजमानांना प्रथमच कळली. शेतकरी दादांशी त्यांच्या ज्या गप्पा रंगल्या त्या पाहता, हे गृहस्थ एरवी आमच्याकडे मोबाईलमध्ये डोके घालून बसतात ते केवळ कंटाळ्याने, असे माझे मत झाले.

रात्री घरी आल्यावर मुगाची खिचडी टाकली, ती नणंदेच्या यजमानांनी. मीठ थोडे जास्त झाले होते, पण कोणी बोलले नाही.

याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेची, म्हणजे आमच्या गड्ड्याची, चाहूल लागलेली असते. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि त्याआधी तरुण मंडळी रात्री ते पेलण्याचा सराव करतात. जेवण झाल्यावर तो पाहायला चालत जाता येते, तिकीट लागत नाही आणि मुलांना झोपही चांगली लागते.

यंदा नळदुर्ग ठरला आहे. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायचा आहे. धबधबे पाणी भरपूर असेल तेव्हाच वाहतात, त्यामुळे डिसेंबरात त्यांची आशा धरू नका, असे मी मुलांना आधीच कळवले आहे. सासूबाईंनी या वेळी एकच अट घातली आहे: भाकरी विकतची चालेल, चटणी मात्र त्या स्वतः कुटणार.