‘पीएस’ने काही दाखवलं नाही, म्हणून सर्व्हर स्वच्छ?

रविवारी भाच्याचा मेसेज आला : ‘मामा, सोसायटीचा सर्व्हर चेक केला. एकदम क्लीन.’ खाली पुरावा म्हणून एक फॉरवर्ड. ‘लिनक्स सर्व्हरमध्ये बॅकडोअर आहे का, ५ मिनिटांत ओळखा.’ बॅकडोअर म्हणजे चोराने सर्व्हरमध्ये ठेवलेला छुपा दरवाजा. हाच फॉरवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता, तेव्हा सोडून दिला. पण आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब आणि घरोघरचे फोन नंबर त्या सर्व्हरवर आहेत, आणि तो सांभाळतो हा सेकंड इयरचा पोरगा. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचा मुख्य मंत्र असा : ‘पीएस’ आणि ‘नेटस्टॅट’ चालवा, अनोळखी काही दिसलं नाही तर निर्धास्त झोपा. ‘पीएस’ ही मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी देणारी कमांड, ‘नेटस्टॅट’ नेटवर्कवरच्या जोडण्यांची.

अरे, वॉचमनच चोराला सामील असेल तर गेटवरचं रजिस्टर तपासून काय मिळणार? १९९०च्या दशकातले रूटकिट, म्हणजे घुसखोराला लपवणारे प्रोग्राम, हेच करायचे. ‘पीएस’, फाइलींची यादी देणारी ‘एलएस’, ‘नेटस्टॅट’ या कमांडच बदलून टाकायचे, आणि बदललेली कमांड चोराची तेवढी नोंद गाळून बाकी यादी इमानदारीने दाखवायची. पुढचे रूटकिट थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, शिरले. तिथे कमांड अस्सल असली तरी तिला मिळणारी माहितीच गाळलेली. म्हणून संशय आला की तपास बाहेरून करायचा : मशीन वेगळ्या, खात्रीच्या डिस्कवरून बूट करायचं, फाइलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे) मूळ पॅकेजशी ताडायचे, ट्रॅफिक राउटरवर बघायचा. पाच मिनिटांत होत नाही हे. अर्धा दिवस जातो.

आणि बॅकडोअर स्वतःचं नवं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, उघडेल, म्हणजे ‘नेटस्टॅट’मध्ये दिसेल, हे तरी कोणी सांगितलं? २०२४चं ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण आठवा. तो बॅकडोअर एसएसएचच्याच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रक्रियेत बसणारा होता. यादीत काय दिसणार? एसएसएच. ते तर असायलाच हवं.

फॉरवर्डचा दुसरा मुद्दाही याच प्रकरणात आपटतो : ‘सोर्स उघडा आहे, हजारो डोळे बघतात, काही लपूच शकत नाही.’ (सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड.) ‘जिआ तान’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं एक्सझेडमध्ये निमूट काम केलं, विश्वास कमावला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत माल घुसवला. तो दडवला चाचणीच्या फाइलींत, आणि त्याला जागं करणारा बिल्ड स्क्रिप्टचा (सोर्सपासून प्रोग्राम बांधणाऱ्या सूचनांचा) तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. सगळे बघतात त्या गिटमध्ये, म्हणजे सोर्सच्या उघड्या साठ्यात, नाहीच. हजारो डोळ्यांना काही दिसलं नाही. सापडला तो आन्द्रेस फ्रॉइंड या, ‘पोस्टग्रेस’ डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला, कारण त्याचं एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेत होतं आणि त्याला ते खटकलं. २९ मार्च २०२४ला त्याने ते जाहीर केलं. आता नाइलाजाने एवढं मान्य करतो की सोर्स उघडा नसता तर अर्ध्या सेकंदाचा माग काढत त्याला मुळापर्यंत जाता आलं नसतं. पण ‘शोधता येतं’ आणि ‘लपत नाही’ यांत फरक आहे.

फॉरवर्डचा पुढचा सल्ला : ‘सापडला तर फाइल उडवा, पासवर्ड बदला.’ नको. एक सापडला म्हणजे एकच होता असं नाही. सर्व्हर पुसून नव्याने उभा करायचा, लॉगिनच्या डिजिटल किल्ल्यांसकट सगळं बदलायचं.

शेवटचा मुद्दा, ‘शिकण्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर बॅकडोअर टाकून पाहिलं, नुकसान केलं नाही, तर चालतं.’ चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ४३ परवानगीशिवाय शिरण्यालाच धरतं, आणि अप्रामाणिक हेतू दिसला की कलम ६६खाली ३ वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या मशीनमध्ये) काय वाट्टेल ते लिही. मीही लिहिलंय.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, ‘ठीक आहे मामा, पुसून टाकतो.’ बॅकअप कुठे ठेवलायस, विचारलं.

‘त्याच सर्व्हरवर.’