परदेशातून : गाणाऱ्याचे गाव कोणते?

ऑक्टोबर १९८१ मध्ये एल्विस कॉस्टेलोचा 'ऑलमोस्ट ब्लू' हा अल्बम ब्रिटनमधल्या दुकानांत आला, तेव्हा त्याच्या वेष्टनावर एक इशारा चिकटवलेला होता. या तबकडीत कंट्री अँड वेस्टर्न संगीत आहे आणि कोत्या मनाच्या श्रोत्यांना त्याची बाधा होऊ शकते, असा त्याचा आशय होता. ती थट्टाच होती, पण थट्टेच्या आडची धास्ती लपत नव्हती. १९७७ पासून लंडनच्या या तरुणाने पाच अल्बम काढले होते आणि कोट्यांनी ठासलेल्या, रागाने धुमसणाऱ्या रॉक गाण्यांचा कर्ता म्हणून त्याचे नाव झाले होते. तो आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या गावरान संगीताची राजधानी असलेल्या, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला जाऊन, तिथल्या स्टुडिओत, तिथल्याच निर्मात्याच्या हाताखाली, दुसऱ्यांची बारा गाणी गाऊन आला होता. त्यांत त्याची स्वतःची एक ओळही नव्हती.

मी नॅशव्हिलमध्ये राहते आणि इथे हा अल्बम अजूनही वादाला पुरतो. कंट्री आणि रॉक यांच्या संकराला 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' हे नाव नव्वदच्या दशकात रुळले. त्याची पूर्वपीठिका सांगू लागले की कंट्री आणि रॉक जोडू पाहणाऱ्या ग्रॅम पार्सन्स या गायकानंतर बोलणे कॉस्टेलोपाशी येते आणि मग दोन तट पडतात. एका तटाच्या मते रॉकच्या श्रोत्यांना कंट्रीची वाट दाखवणारा हा अल्बम आहे. दुसऱ्याच्या मते हा इंग्रज पाहुण्याने भाड्याने घेतलेला पोशाख आहे. नेमका याच सुमारास आमच्या साताऱ्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरा वाद पेटला होता. काही तरुणांनी तुकोबांचा अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर गायला, त्याची चित्रफीत कोणीतरी टाकली आणि मोठ्या काकांपासून आतेभावापर्यंत सगळे त्यावर तुटून पडले. यांना वारी ठाऊक आहे का, यांच्या घरात माळ आहे का, हे प्रश्न आधी आले. उलट बाजूने, परंपरा ही कुणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नाही, असे उत्तर आले. दोन दिवस गट धगधगत होता आणि त्या सगळ्या मजकुरात गाणे कसे झाले, यावर एक वाक्य नव्हते.

कॉस्टेलोवरच्या आक्षेपांतही पहिला क्रमांक 'हा इथला नाही' याचाच लागतो आणि तो तपासायला घेतला की हातात फारसे काही उरत नाही. त्याच्या अगदी पहिल्या अल्बमवर वाजवणारे क्लोव्हर हे कॅलिफोर्नियाचे कंट्री रॉक पथक होते. त्यातलाच जॉन मॅकफी 'ऑलमोस्ट ब्लू'वर पेडल स्टील, म्हणजे पेडल असलेली आडवी गिटार, वाजवतो. 'स्ट्रेंजर इन द हाउस' हे कंट्री वळणाचे गाणे कॉस्टेलोने आधीच लिहिले होते आणि खुद्द कंट्रीचा थोर गायक जॉर्ज जोन्सने ते त्याच्याबरोबर गायलेले १९७९ मध्ये प्रसिद्धही झाले होते. म्हणजे ज्याला घुसखोर म्हणायचे, त्याला घरच्या सर्वांत मोठ्या गवयाने दोन वर्षे आधीच पंक्तीला बसवले होते.

याहून गमतीचा भाग निर्मात्याचा आहे. बिली शेरिल हा अलाबामाचा, धर्मोपदेशकाचा मुलगा. कंट्री गायिका टॅमी वायनेट आणि जॉर्ज जोन्स यांची गाजलेली गाणी त्याच्या हातून घडली. कॉस्टेलो त्याच्याकडे गेला तो अस्सल नॅशव्हिलचा शिक्का मिळावा म्हणून. परंतु व्हायोलिनचे ताफे आणि मागे गुणगुणणारा गायकवृंद आणून याच शेरिलने कंट्रीचे कंट्रीपण बुडवले, अशी जुन्या श्रोत्यांची त्याच्याविरुद्ध तक्रार होती. त्याला स्वतःला कॉस्टेलोने निवडलेल्या झिजलेल्या गाण्यांत रसही वाटत नव्हता. आणखी मागे गेले तर स्टील गिटार हवाईतून आलेली आणि बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत सापडते. शुद्धतेचा दाखला देणाराच जिथे कालचा आरोपी निघतो, तिथे दाखला मागायचा कोणाकडे?

नॅशव्हिलचे लोक याबाबतीत उदार होते, असे मात्र समजू नये. मार्च १९६८ मध्ये बर्ड्‌स हे रॉक पथक ग्रॅम पार्सन्सला घेऊन नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातल्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामांकित रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. पार्सन्स तर दक्षिणेतच वाढलेला, जॉर्जियाचा. तरीही त्याचे गाव त्या संध्याकाळी त्याच्या कामी आले नाही. 'ऑलमोस्ट ब्लू'वर त्याची दोन गाणी आहेत आणि मला ती अल्बमची खरी मेख वाटतात. कॉस्टेलोने बोट धरले ते नॅशव्हिलने नाकारलेल्या माणसाचे.

आमच्या काकांना मी पेटीची आठवण करून दिली. ज्या पेटीच्या सुरावर आज गावोगावी भजन उभे राहते, ती युरोपातून आलेली; तिच्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही, म्हणून ती आपल्या संगीताला घातक, असा तो युक्तिवाद होता आणि खरे सांगायचे तर त्यात तथ्यही होते. भीमसेन जोशी यांच्याविषयी तर काही सांगावेच लागत नाही. गदगकडचा, कन्नड मातृभाषेचा, किराणा घराण्याच्या ख्यालात मुरलेला हा गवई 'संतवाणी' घेऊन बसला की अवघे सभागृह विठ्ठल विठ्ठल करू लागे आणि त्यांच्या गावाची चौकशी कोणी करत नसे. काकांचे उत्तर ठरलेले होते : 'अगं, ते भीमसेन!' बरोबर आहे. पण याचा अर्थ इतकाच होतो की त्यांना आपण गाण्यावरून जोखले. ज्याचे गाणे आवडते त्याचे गाव आपण विसरतो आणि ज्याचे आवडत नाही त्याचे गाव आधी काढतो. मग न आवडण्याचे खरे कारण शोधण्याचे कष्ट वाचतात.

गाणी स्वतःची नाहीत, हा दुसरा आक्षेप रॉकच्या श्रोत्यांचा, आणि तो मला नेहमीच थोडा बालिश वाटला आहे. गाणाऱ्यानेच लिहिले पाहिजे, हा नियम मुळात रॉकचा. नॅशव्हिलमध्ये लिहिणारा वेगळा आणि गाणारा वेगळा, हा रीतसर धंदा आहे. माडगूळकरांनी लिहावे आणि फडक्यांनी गावे, यात कमीपणा मानणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय कॉस्टेलोचे वडील रॉस मॅकमनस हे जो लॉस यांच्या वाद्यवृंदाचे गायक होते. लोकप्रिय झालेली दुसऱ्यांची गाणी शिकून गायची, यावर त्यांचे घर चालत होते.

उरतो तो एकच प्रश्न, गाणे झाले कसे, आणि तो मला माझ्या शेजाऱ्यांनी विचारायला लावला. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, टेनेसीचेच, आणि अजून रविवारी चर्चमध्ये पेडल स्टील वाजवतात. कॉस्टेलोचे नाव काढताच त्यांनी वाद्यावरचे कापड बाजूला केले. डाव्या हातात पोलादी कांडी, पायांखाली पेडल, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना कळा. कांडी तारेवर जागची हलू न देता त्यांनी पेडल दाबले, तेव्हा तीन सुरांच्या जुळणीतला एकच सूर वर सरकला आणि बाकीचे दोन जागीच राहिले. जॉर्ज जोन्स असे गातो, ते म्हणाले. त्याचा शब्द जागेवर असतो आणि स्वर आतल्या आत वळतो. तुमचा तो इंग्रज अख्खा शब्दच वर उचलतो. मी कॉस्टेलोची वकिली करत होते, म्हणून तो 'तुमचा' झाला असावा. एवढे बोलून त्यांनी कॉस्टेलोच्या जन्मगावाचा उल्लेखही केला नाही, ही गोष्ट मला गटावरच्या दोन दिवसांच्या धुमाळीनंतर फार मोलाची वाटली.

त्यांच्या कसोटीवर 'गुड इयर फॉर द रोझेस' लावून पाहण्यासारखे आहे. जेरी चेस्नट यांनी लिहिलेले हे गाणे जोन्सने १९७० मध्ये गायले होते. बायको घर सोडून निघाली आहे आणि नवरा रक्षापात्रातल्या सिगारेटच्या थोटकांवरचे ओठांच्या रंगाचे डाग, ओतून न प्यालेली कॉफी, न कापलेले गवत असले काहीबाही न्याहाळत राहतो. बोलायचे ते बोलत नाही आणि यंदा गुलाब चांगले आले, एवढेच त्याला सुचते. जोन्स हे गाताना आतून मोडलेला वाटतो. कॉस्टेलोला ती वळणे जमत नाहीत, पण त्याचा किंचित नाकातला, आवळलेला आवाज त्या नवऱ्याच्या गप्प बसण्याला जोन्सपेक्षाही अधिक शोभतो, असे माझे मत आहे. शेरिलचे व्हायोलिन भोवती पसरतात, तेव्हा तो आणखीच एकटा पडतो. ब्रिटनच्या यादीत हे गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि अल्बम सातव्या. अमेरिकेत मात्र अल्बम पन्नासच्या वर सरकला नाही.

याच अल्बमची सुरुवात मात्र मला आजही खटकते. जुन्या पिढीतला कंट्री गायक हँक विल्यम्सचे 'व्हाय डोन्ट यू लव्ह मी' हे गाणे कॉस्टेलो आणि त्याचे साथीदार दोन मिनिटांच्या आत उरकून मोकळे होतात. मूळ गाण्यातला नवरा रडगाणे गाता गाता स्वतःलाच हसतो. त्या हसण्याला लागणारी सवड या वेगात उरत नाही आणि गाणे नुसते धापा टाकते. गाण्यावर पूर्ण विश्वास नसला की गायक त्याला पळवतो. याच अल्बममधल्या 'हनी हश'चेही तसेच झाले आहे. पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, निर्माता टी बोन बर्नेटबरोबर केलेल्या 'किंग ऑफ अमेरिका' या अल्बममध्ये त्याने बहुतेक गाणी स्वतः लिहिली, एल्विस प्रेस्लीच्या पथकातले जेम्स बर्टन यांच्यासारखे वादक साथीला घेतले आणि तिथे ही घाई नाही. बहुतेक जाणकार त्या अल्बमला वरचे स्थान देतात आणि मीही देते. पण 'ऑलमोस्ट ब्लू'ची उमेदवारी केली नसती तर ते धीमेपण त्याच्या गळ्यात आले असते, असे मला वाटत नाही.

हाच कान लावून मी साताऱ्याहून आलेला तो अभंग पुन्हा ऐकला. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चारच अक्षरांचा, ही मोठ्या अभंगाची ठेवण. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे एक मोकळी जागा राहते. टाळकरी त्या जागेत पाऊल टाकतात आणि ध्रुवपद उचलतात. या मुलांच्या ड्रमवाल्याने नेमकी तीच जागा दर वेळी भरून टाकली होती. बास गिटार मात्र पखवाजाच्या खाली अशी बेमालूम बसली होती की ती काढली असती तर गाणे पोकळ झाले असते. मी हे गटावर लिहिले. काकांनी अंगठा दाखवला आणि आतेभावाने विचारले, 'म्हणजे तू नेमकी कोणाच्या बाजूची?'

परदेशातल्या आम्हा मंडळींचे वागणे याच्या नेमके उलट आणि तितकेच गैरसोयीचे आहे. इथल्या गणेशोत्सवात टेनेसीत वाढलेली मुले 'ळ'चा सरसकट 'ल' करत, ताल सोडून नाट्यगीत गातात आणि आम्ही उभे राहून टाळ्या वाजवतो. आपली पोरे मराठीत गातात, याचेच कौतुक इतके मोठे असते की बेसूर झाले, असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. तिकडे गाव नसल्याबद्दल शिक्षा आणि इकडे गाव असल्याबद्दल बक्षीस. गाणे दोन्हीकडे तपासायचे राहून जाते. त्या मुलांपैकी दोघीतिघींचे गळे खरोखर चांगले आहेत आणि कोणी त्यांना कुठे चुकले ते सांगितले तर त्या पुढे जातील.

शेजाऱ्यांचे आणि माझे 'ऑलमोस्ट ब्लू'मधल्याच 'स्वीट ड्रीम्स'वरून अजून जमलेले नाही. डॉन गिब्सनचे हे गाणे कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनच्या आवाजात, १९६३ मध्ये तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि तिच्या नंतर कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे त्यांचे ठाम मत आहे. वरच्या स्वरावर पॅट्सीचा आवाज उघडतो आणि कॉस्टेलोचा चिमटतो, हे त्यांचे निरीक्षण मला मान्य आहे. ज्याला झोप लागत नाही तो माणूस पहाटे तीनला असाच चिमटलेल्या आवाजात बोलेल, असे मी म्हणते आणि ते मान हलवून पुन्हा पॅट्सीची तबकडी लावतात.