एका बेअरिंगपायी

चवथ झाली, पाऊस ओसरला, म्हटलं सायकल बाहेर काढू. दोनापावलाच्या चढावर हँडल वळवलं आणि कर्रर्र. हेडसेटचं, म्हणजे हँडल फ्रेममध्ये फिरतं त्या सांध्याचं, वरचं बेअरिंग गेलेलं. गोव्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि वरून टपटपणारा माझा घाम, जाणारच ते. त्याचा राग नाही.

राग याचा, की माझ्या जुन्या सायकलला हेच काम अर्ध्या तासाचं होतं. हँडल धरणारा स्टेम सोडवा, पुढच्या चाकाचा काटा खाली ओढा, नवं बेअरिंग, ग्रीस, झालं. या नव्या राणीसाहेबांच्या ब्रेकचे दोन्ही होस, म्हणजे तेलाच्या नळ्या, त्या बेअरिंगच्या कड्यातून ओवलेले! म्हणजे कडं काढायचं तर होस सोडवा, तेल सांडा, चेपलेलं टोक कापा, नवं ऑलिव्ह (होसचा सांधा घट्ट धरणारी छोटी रिंग) घाला, मग दोन्ही ब्रेक ब्लीड करा, म्हणजे तेल भरून आतली हवा काढा. होस दर वेळी थोडा तोकडा होतो तो वेगळाच. दुकानदार शांतपणे म्हणतो, "बाब, आठ दीस लागतले." त्याचा तरी काय दोष!

सायकल उघडलीच आहे तर फ्रेमच्या आतून जाणारी मागच्या गिअरची केबलही बदलू, ही अवदसा मात्र मलाच आठवली. जुनी तार ओढायच्या आधी तिच्यावर बारीक प्लास्टिकची नळी सरकवायची असते, म्हणजे नवीला वाट राहते. मी विसरलो. मग रात्री दीडपर्यंत फ्रेममध्ये टॉर्च मारून 1.2 मिमीची तार चुंबकाने भोकाशी आणायची आणि ती प्रत्येक वेळी काडीभर अंतरावरून आत परत. शेवटी टोक पिंजलं. नवीकोरी तार कचऱ्यात.

आणि हे सगळं कशासाठी? वारा कापायला! शर्यतवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्या मागे मेकॅनिकची गाडी असते. माझा सरासरी वेग 24, तोही बांबोळीला रस्त्यात गुरं बसलेली नसली तर. हँडलपुढच्या चार तारा लपवून माझा कुठला वारा कापला जाणार?

आज सकाळी पोदेर, आमचा पाववाला, पों-पों करत दारात आला. त्याच्या सायकलला सळईचे ब्रेक. गंजलेत, पण हँडलपासून चाकापर्यंत उघडे दिसतात आणि लागतात. चार उंडे घेतले, तो पुढच्या वाड्यावर गेला. मी दुकानात फोन लावला. ऑलिव्ह अजून आलेलं नाही.