एका चौकटीचे दोन कारभारी

आपले सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत जपणारा पासवर्ड मॅनेजर कोणता घ्यावा, हा प्रश्न जाणकारांपुढे टाकला की चर्चा तत्काळ एन्क्रिप्शनवर, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करण्याच्या पद्धतीवर, जाते. 'एईएस-२५६' हे अशाच एका पद्धतीचे नाव कोणीतरी गंभीर चेहऱ्याने उच्चारतो, दुसरा त्याला मान डोलावतो आणि ज्याला फक्त वेळेवर लॉगिन व्हायचे असते तो तिसरा, म्हणजे मी, निमूटपणे नोंद करून घेतो. निवडीला लागलो तेव्हा मी रीतसर तक्ताच आखला होता. एन्क्रिप्शनचा रकाना भरत खाली आलो आणि पाहतो तो काय, जवळजवळ प्रत्येक नावापुढे तेच लिहिलेले. ज्या बाबतीत सगळे सारखेच सरस आहेत, ती बाब निवडीच्या काय कामाची? खरा फरक पडतो तो ब्राउझरमध्ये, लॉगिनच्या पानावरच्या त्या दोन पांढऱ्या चौकटींपाशी. तिथे हा गृहस्थ बोलावल्यावर येतो की न बोलावता, आल्यावर किती जागा अडवतो आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसतो, यावर आपले उरलेले आयुष्य सुखाचे जाणार की नाही हे ठरते. तुलनेच्या तक्त्यांत नेमका हाच रकाना नसतो.

मुळात पासवर्ड सांभाळायला कोणी ठेवावा लागतो, याचे कारण ही चीज माणसाच्या डोक्याला कधी मानवलीच नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावे अशी व्यवस्था उभारली आणि प्रत्येकाच्या फायली आपापल्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आणले. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने सरळ पासवर्डांची फाइल छापून मागितली आणि यंत्रानेही काही न विचारता ती छापून दिली. म्हणजे पासवर्डच्या जन्मात आणि त्याच्या पहिल्या चोरीत फारसे अंतर पडलेच नाही. पुढे २०१४ मध्ये, वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर, खुद्द कॉर्बातो यांनीच वेबवरच्या पासवर्डांची अवस्था दुःस्वप्नासारखी झाल्याचे सांगून टाकले. मधल्या काळात, २००३ मध्ये, अमेरिकेतील एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल ही व्रते जगभर पसरली. २०१७ मध्ये संस्थेने ती मोडीत काढली: लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, चोरीचा पुरावा असल्याशिवाय बदल करायला लावू नका आणि पासवर्ड पेस्ट करू द्या. बर यांनीही आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. ही वार्ता अजून पुष्कळ वेबसाइटांच्या कानी गेलेली नाही. त्या आजही आकडा मागतात, चिन्ह मागतात, चिन्ह दिले की 'हे चिन्ह चालत नाही' म्हणतात आणि पेस्ट करायला गेले की ढिम्म हलत नाहीत.

या पदासाठी पहिला उमेदवार घरातच बसलेला असतो, तो म्हणजे स्वतः ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज या सगळ्यांना पासवर्ड ठेवता येतात, चांगले अवघड पासवर्ड सुचवताही येतात, आणि त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. ज्याचे सगळे व्यवहार एकाच ब्राउझरमध्ये होतात त्याने तिथेच थांबावे आणि हा लेखही इथेच सोडावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझी गोष्ट निराळी होती. कार्यालयात एक ब्राउझर सक्तीचा, घरी दुसरा आवडीचा आणि फोनवर तिसरा आधीपासून ठाण मांडून बसलेला, अशी माझी त्रिस्थळी यात्रा रोज चालत असल्यामुळे एकाने जपलेला पासवर्ड दुसऱ्याच्या गावीही नसे. शिवाय ब्राउझरला एक खोड आहे. पासवर्ड बरोबर होता की चूक, हे समोरच्या वेबसाइटने सांगण्याच्या आधीच तो कधीकधी 'सेव्ह करू का?' असे विचारून मोकळा होतो, आणि घाईत 'हो' म्हटले की चुकीचा पासवर्ड कायमचा निष्ठेने जपतो.

म्हणून वेगळा पासवर्ड मॅनेजर घ्यायचे ठरले आणि त्याचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये बसवायला घेतले. पहिल्याच पायरीवर परवानगीची पाटी आली: हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइटांवरील तुमचा सर्व डेटा वाचू आणि बदलू शकेल. सुरक्षिततेच्या शोधात निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी इतकी सढळ परवानगी देताना हात थरथरतो. पण पान वाचल्याखेरीज त्यात लॉगिनची चौकट कुठे आहे हे कळणार कसे आणि चौकटीत काही लिहिणार कसे, या प्रश्नाला उत्तर नाही. त्यामुळे काय मागितले यापेक्षा मागणारा कोण आहे हे पाहावे लागते. नामसाधर्म्याचा फायदा घेणारी बनावट एक्स्टेन्शनेही असतात, तेव्हा ते ब्राउझरच्या एक्स्टेन्शन-दुकानात नावाने शोधू नये, बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून तिथे जावे, एवढे पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळले.

आणि मग तो देखावा सुरू झाला. ब्राउझरला त्याचे जुने काम काढून घेतल्याची सूचना कोणी दिलेली नव्हती. पासवर्डच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यात वेबसाइटने आपला तो छोटा डोळा ठेवलेला असतो, टाइप केलेली अक्षरे दाखवणारा. एक्स्टेन्शननेही आपले चिन्ह अगदी त्याच कोपऱ्यात आणून बसवले. डोळ्यावर क्लिक करावे तर मॅनेजर उघडे आणि मॅनेजरवर क्लिक करावे तर अख्खा पासवर्ड उघडा पडे. चौकटीखाली एक्स्टेन्शनने आपली यादी अंथरली, तिच्यावर ब्राउझरने आपली यादी पसरली, आणि दोन्हींच्या खाली 'पासवर्ड विसरलात का?' हा एकमेव उपयोगी दुवा दिसेनासा झाला. लॉगिन झाल्यावर वरच्या बाजूला दोघांनीही एकदमच 'सेव्ह करू का?' असे विचारले. एका शेतावर दोन कारभारी नेमले की दोघेही हिशेब ठेवतात आणि दोन्ही हिशेब निराळे निघतात, तसे पुढे झाले. एखादा पासवर्ड बदलला की नवा एकाच्या वहीत जाई आणि जुना दुसऱ्याच्या वहीत राही, आणि पुढच्या खेपेला जो आधी धावत येई त्याचे म्हणणे खरे धरावे लागे. यावरचा उपाय ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, पासवर्डांच्या भागात आहे: 'पासवर्ड सेव्ह करण्यास विचारा' ही कळ बंद करणे. काही एक्स्टेन्शने क्रोमची परवानगी घेऊन ही कळ स्वतःच बंद करतात आणि मग तिच्याशेजारी 'हे सेटिंग एक्स्टेन्शनच्या ताब्यात आहे' अशी नोंद दिसते. ज्या मॅनेजरला हे जमते त्याला मी माझ्या तक्त्यात वरचे स्थान दिले.

एवढ्याने शांतता नांदेल, हा माझा भ्रम होता. लॉगिनचे पान ओळखणे हा एक्स्टेन्शनच्या दृष्टीने अंदाजाचा खेळ असतो. पानाच्या कोडमध्ये चौकट पासवर्डची आहे असे लिहिलेले असते. शिवाय जुना पासवर्ड मागणाऱ्या चौकटीवर 'करंट-पासवर्ड' आणि नवा मागणाऱ्या चौकटीवर 'न्यू-पासवर्ड' अशी खूण ठेवण्याची चांगली प्रथा आहे. ती पाळली की सगळे सुरळीत चालते. ती न पाळणाऱ्या एका पानावर मी पासवर्ड बदलायला गेलो, तेव्हा माझ्या नव्या मॅनेजरने 'जुना', 'नवा' आणि 'नवा पुन्हा एकदा' या तिन्ही चौकटींत अत्यंत तत्परतेने जुनाच पासवर्ड भरला. वेबसाइटने तितक्याच सौजन्याने कळवले की नवा पासवर्ड जुन्यासारखा असू नये. दुसऱ्या एका वेबसाइटने तर कमालच केली. मॅनेजरने वीस अक्षरांचा झकास पासवर्ड तयार करून चौकटीत ओतला. चौकटीला सोळाच अक्षरे मावत होती, म्हणून तिने शेवटची चार काही न बोलता गिळली. मॅनेजरच्या तिजोरीत वीस अक्षरे, वेबसाइटच्या दप्तरी सोळा, आणि लॉगिनच्या पानावरच्या चौकटीला मात्र तशी मर्यादा नसल्यामुळे तिथे पुन्हा वीसच्या वीस हजर. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे बोलत होते आणि मी बाहेर उभा होतो. पासवर्ड तयार केल्याबरोबर चौकटीतले ठिपके मोजण्याची सवय मला तेव्हापासून लागली आहे.

या सगळ्या भानगडीत एक्स्टेन्शन कशासाठी ठेवायचे, तिजोरीतून पासवर्ड कॉपी करून पेस्ट का करू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एक्स्टेन्शनच्या नकारात आहे, आणि माझ्या मते पासवर्ड मॅनेजरची खरी लायकी तो काय भरतो यापेक्षा काय भरत नाही यावरून जोखावी. आपण पान ओळखतो ते त्याच्या चेहऱ्यावरून: तोच लोगो, तोच निळा रंग, तेच बटण. एक्स्टेन्शनला चेहरा दिसतच नाही. ते फक्त पत्ता वाचते. पत्त्यात एखादे अक्षर मागेपुढे झालेले असले की हुबेहूब पानासमोरही ते हाताची घडी घालून बसते. कॉपी-पेस्ट करणारा माणूस मात्र असल्या पानावर आपल्या हाताने पासवर्ड ओतून येतो. अर्थात हा नकार नेहमीच शहाणपणाचा असतो असे नाही. एखादी संस्था आपले लॉगिन भलत्याच डोमेनवर, म्हणजे निराळ्याच वेबपत्त्यावर, हलवते आणि एक्स्टेन्शन बिचारे ओळख देत नाही, तेव्हा चिडून पासवर्ड कॉपी करायला हात शिवशिवतात. अशा वेळी पत्ता आधी नीट वाचावा, खात्री पटली तर तो त्या नोंदीत जोडावा आणि मगच पुढे जावे. नोंदीत पत्त्याची जुळणी किती काटेकोर हवी हे ठरवण्याची सोय असलेला मॅनेजर याबाबतीत फार उपयोगी पडतो.

याच न्यायाने, पान उघडताच न विचारता सगळे भरून टाकणाऱ्या उत्साही मॅनेजरला मी बाद केले. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ च्या अखेरीस दाखवून दिले होते की काही जाहिरात कंपन्यांच्या स्क्रिप्ट, म्हणजे पानात दडलेले छोटे प्रोग्राम, पानावर अदृश्य लॉगिन फॉर्म ठेवत आणि ब्राउझरने त्यात आपणहून भरलेला ईमेल पत्ता टिपून माणसाचा माग काढत. जी चौकट मालकाला दिसत नाही ती भरण्याची तत्परता काय कामाची? म्हणून क्लिक केल्यावरच भरणारा पत्करला. पण क्लिकवरही आंधळा भरवसा ठेवता येत नाही, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये मारेक तोथ या संशोधकाने दाखवले: पानात उमटणारी एक्स्टेन्शनची यादीच अदृश्य करून तिच्यावर कुकीजची परवानगी मागणारी पाटी ठेवायची, की पाटी बंद करायला केलेला क्लिक यादीवर पडतो. अनेक नामांकित मॅनेजर त्यात सापडले आणि सुधारित आवृत्त्यांची धावपळ झाली. तेव्हापासून मी पानातली ती यादी बंद ठेवून ब्राउझरच्या पट्टीवरचे चिन्ह दाबून किंवा कीबोर्डच्या कळांनी पासवर्ड भरतो. याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की चौकटीतला उजवा कोपरा वेबसाइटच्या डोळ्याला परत मिळाला.

मॅनेजरची तिजोरी उघडणाऱ्या एकुलत्या एका मास्टर पासवर्डविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते इतरांनी लिहिले आहे. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरच्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, वेबसाइटांचे पत्ते मात्र तसे नव्हते, आणि ज्यांचा मास्टर पासवर्ड दुबळा होता त्यांची झोप उडाली. त्यामुळे तो लांबच हवा. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या डाइसवेअर पद्धतीप्रमाणे फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द उचलले की पुरेसे होते. अडचण एवढीच की इतका लांब मजकूर, तिजोरी दर पाच मिनिटांनी कुलूपबंद होत असेल तर, दिवसभर टंकलेखनाची परीक्षा दिल्यासारखा लिहावा लागतो. बोटाच्या ठशाने ब्राउझरमधले कुलूप उघडायचे तर बहुधा मॅनेजरचे संगणकावरचे ॲपही बसवावे लागते आणि एक्स्टेन्शनशी त्याचे बोलणे चालू ठेवावे लागते. ही जोडणी ज्याची न कुरकुरता चालली, तोच मॅनेजर शेवटी मी ठेवला. जुन्या ब्राउझरमधून पासवर्ड बाहेर काढताना तयार होणारी सीएसव्ही फाइल साध्या मजकुरात असते, हे लक्षात ठेवून काम झाल्याबरोबर ती डाउनलोडमधून आणि कचरापेटीतूनही पुसली. ब्राउझरमधले जुने पासवर्डही पुसले. नाहीतर त्याने कधीतरी संधी साधून यादी पसरलीच असती.

आता वेबसाइटा पासवर्ड सोडून पासकी, म्हणजे यंत्रानेच जपायची डिजिटल किल्ली, घ्या म्हणतात. कल्पना उत्तम आहे: लक्षात ठेवायला काही नाही आणि नकली पानावर ती चालतच नाही. फक्त ती ठेवायची कुठे, हे विचारायला एक्स्टेन्शनची खिडकी येते. ती बंद केली की ब्राउझरची येते आणि तीही बंद केली की ऑपरेटिंग सिस्टिम आपली खिडकी पुढे करते. मी तूर्त पासकी एक्स्टेन्शनकडे ठेवतो. कधी चुकून ऑपरेटिंग सिस्टिमच्या खिडकीला 'हो' म्हटले गेले, तर कार्यालयातल्या ब्राउझरपुढे बसल्यावर ते लक्षात येते, आणि तिथे लॉगिनच्या पानावर अजून शिल्लक असलेली पासवर्डची ती चौकट कामी येते.