कोड पंपाचं नाव घेत नाही, दादा

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं, स्कॅनरवर पी००८७ हा एरर कोड आला म्हणजे डिझेलचा हाय प्रेशर पंप गेला, हापूसच्या पेट्या भरलेली गाडी आंबा घाटात ओढेना झाल्यावर फिल्टर नि पाइप तपासत कोण बसणार, पंप टाका आणि मोकळे व्हा. मला हे अजिबात पटत नाही, कारण त्या कोडचा अर्थ एवढाच की ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलं तेवढं प्रेशर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, आलं नाही. का आलं नाही ते आपणच शोधायचं. टाकीकडूनच डिझेल कमी येत असेल तर नवा पंप म्हणजे कोरड्या विहिरीवर नवी मोटर.

आणि तुम्हीच लिहिलंय की आयडलला गाडी मस्त, रिकामी पळते पण, फक्त लोडवर चढाला मरते. मग आधी डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी आणि सक्शन लाइन बघा ना. टाकीत डिझेल ढकलणारी मोटर नसलेल्या गाडीत ही लाइन लीक असली तरी डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे खाली जमीन कोरडी दिसते आणि संशय पंपावर जातो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइप टाकून रेस करा, सतत बुडबुडे धावताना दिसले की समजा एअर धरतेय.

ते ठीक निघालं तर इंजेक्टरच्या चार रिटर्नना, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, चार सारख्या बाटल्या लावा, इंजिन गरम असताना थोडा वेळ चालवा, एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर मागे डिझेल सोडतोय, म्हणून रेलमध्ये प्रेशर टिकत नाही.

जुने मिस्त्री चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून बिघडलेला सिलिंडर शोधायचे हे तुमचं खरं, पण ते जुन्या पंपाच्या गाड्यांवर. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं, ती बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते, बोट कापायची वेळ येते. चालू इंजिनवर तो नट कुणीही हात लावू नका, कृपया.

पंप जातच नाही असं मी म्हणत नाही. फिल्टरमध्ये चमकणारा धातूचा चुरा सापडला तर पंप गेलाच, पण मग टाकी, लाइन, रेल, इंजेक्टर सगळं साफ करावं लागतं, नुसता पंप बदलला तर तोच चुरा नव्या इंजेक्टरचीही वाट लावतो.

स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर दोन्ही दिसतं. गाडी भरलेली असताना, चढावर, शेजारी बसलेल्याला ते दोन आकडे टिपायला सांगा आणि इथे टाका, उभ्या गाडीचे नकोत.