इंग्रजी फौजेच्या नावावर खपवलेला 'रेट'

माझा भाचा बारावीत आहे आणि एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी करतोय. परवा दाजींनी मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, 'हे खरं असेल तर आपल्यालाही कुणाला तरी भेटावं लागेल.' तोच मेसेज क्लासच्या पालकांच्या ग्रुपवरही आलाय, असं ताई म्हणाली. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंग्रजांच्या सैन्यात अधिकारीपदाचा लिलाव व्हायचा आणि ज्याची थैली मोठी तो थेट जनरल व्हायचा. १८०३मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणारा वेलस्ली असाच पैसे भरून जनरल झाला, त्याआधी त्याने लढाई पाहिलीसुद्धा नव्हती. कंपनीच्या फौजेत सुभेदारीही विकत मिळायची. १८५७ला घाबरून त्यांनी ही पद्धत बंद केली. आणि शेवटी: साहेब गेला पण रीत ठेवून गेला, आजही अधिकारी व्हायचं तर पैसे मोजावेच लागतात.

दाजी, यातला एक धागा खरा आहे. तो आधी कबूल करतो, कारण सगळा मेसेज त्याच्याच जोरावर चाललाय.

ब्रिटिश सैन्याच्या पायदळात आणि घोडदळात अधिकारीपद विकत मिळत होतं, तेही राजरोस, सरकारने बांधून दिलेल्या किमतीला. १८२१चं दरपत्रक उपलब्ध आहे. पायदळातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी म्हणजे एन्साइन, त्याचे ४५० पौंड. लेफ्टनंटचे ७००, कॅप्टनचे १८००, मेजरचे ३२००, लेफ्टनंट कर्नलचे ४५००. घोडदळात सुरुवातच ८४० पौंडांनी होत असे, आणि राजाच्या गार्ड्स पलटणींत एन्साइनलाच १२०० मोजावे लागत. एन्साइनचा पगार दिवसाला सव्वापाच शिलिंग, म्हणजे वर्षाला शंभर पौंडसुद्धा नाही. नोकरी लागण्याआधीच जवळजवळ पाच वर्षांचा पगार भरायचा, शिवाय गणवेश आणि मेसचा खर्च वेगळा. गरिबाच्या पोराला दार बंदच होतं. हे अन्यायाचं होतं, त्यात वाद नाही.

पण लिलाव? एन्साइन व्हायचं म्हणजे काय करावं लागे ते बघा. वय १६ पूर्ण हवं. मेजर किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याचं शिफारसपत्र हवं. अर्ज सरसेनापतीच्या लष्करी सचिवाकडे जायचा आणि मुलाचं नाव यादीत लागायचं. जागा निघाली आणि मंजुरी आली, की ठरलेली रक्कम रेजिमेंटच्या एजंटाकडे जमा करायची. असे एजंट म्हणजे पलटणीचा पैसा सांभाळणाऱ्या पेढ्या. मुंबईकरांना सहलींमुळे माहीत असलेलं कॉक्स अँड किंग्ज हे नाव मुळात अशाच एका पेढीचं. रिचर्ड कॉक्स १७५८मध्ये गार्ड्सचा एजंट झाला तिथून ते सुरू होतं. मग लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नाव छापून यायचं. पुढच्या बढतीलाही बोली नव्हती. वरची जागा रिकामी झाली की आधी त्याच रेजिमेंटमधल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला विचारायचं. त्याच्याकडे पैसे नसतील तर त्याच्या खालच्याला. १७९५ला ड्यूक ऑफ यॉर्क सरसेनापती झाला, त्यानंतर किमान सेवेची अटही आली: दोन वर्षांच्या आत कॅप्टन नाही, सहा वर्षांच्या आत मेजर नाही.

हा पैसा लाचही नव्हता. आपल्याकडच्या पागडीच्या खोलीसारखा तो व्यवहार होता: आत येताना भरायचे, सोडताना पुढच्याकडून घ्यायचे. निवृत्तिवेतनाची सोय नीट नव्हती, तेव्हा म्हातारपणाची पुंजी तीच. बेअब्रू करून काढून टाकलं तर ती बुडायची, म्हणून सरकारच्या दृष्टीने ते चांगल्या वर्तणुकीचं तारणही होतं. यामागे एक जुनी भीती होती. सतराव्या शतकात राजाला हटवून क्रॉमवेलच्या फौजेने इंग्लंडवर राज्य केलेलं लोक विसरले नव्हते. जमीनजुमला असलेली माणसंच अधिकारी असली तर ती सत्ता उलथवायला निघणार नाहीत, असा हिशेब होता.

ठरलेल्या दराच्या वर पैसे घेणं बेकायदा होतं आणि तरी सर्रास चालायचं, हेही मान्य करतो. लॉर्ड कार्डिगनने १८३२मध्ये १५व्या हुसार्स या घोडदळ रेजिमेंटचं नेतृत्व मिळवण्यासाठी ३५,००० पौंडांच्या आसपास मोजले असं सांगितलं जातं. दोन वर्षांत त्याला तिथून काढलं, तर त्याने दुसरी रेजिमेंट घेतली. हाच माणूस १८५४मध्ये क्रिमियाच्या युद्धात, बॅलाक्लाव्हाच्या लढाईत, लाइट ब्रिगेड या घोडदळाच्या पुढे होता. त्याच्यापुरतं कुणी लिलाव म्हटलं तर मी भांडणार नाही.

पण 'थेट जनरल' ही शुद्ध थाप आहे. विक्री लेफ्टनंट कर्नलपाशी संपायची. त्याच्या वरचं एकही पद विकत मिळत नव्हतं. तोफखान्यात आणि इंजिनिअर्समध्ये तर खालचंही मिळत नव्हतं. तिथे वुलिचच्या अकादमीतून शिकून यावं लागे आणि बढती निव्वळ सेवाज्येष्ठतेने. पायदळातसुद्धा लढाईत अधिकारी मेला की त्याची जागा विकायची नाही, खालच्याला फुकट द्यायची, असा नियम होता. त्यामुळे युद्ध पेटलं की विक्री मागे पडायची. मायकेल ग्लोव्हर या इतिहासकाराने नेपोलियनविरुद्ध स्पेन-पोर्तुगालमध्ये चाललेल्या युद्धाच्या काळातल्या नेमणुका मोजल्या, तेव्हा विकत घेतलेल्या ढोबळमानाने पाचात एक निघाल्या. बाकी चार कुठून आल्या? मेलेल्यांच्या जागांवर, मिलिशियातून म्हणजे देशातल्या राखीव फौजेतून, सार्जंटांतून, आणि जागा निघेपर्यंत खांद्यावर बंदूक घेऊन साध्या शिपायांच्या रांगेत लढणाऱ्या उमेदवार तरुणांतून. या एका आकड्याने मेसेजचं पहिलं विधान निकालात निघतं.

आता वेलस्ली. त्याचा सेवापट तारीखवार आहे, तो बघितला असता तर हे लिहायची हिंमत झाली नसती. मार्च १७८७मध्ये एन्साइन. थोरल्या भावाने आयर्लंडच्या व्हाइसरॉयकडे शब्द टाकला होता. १७९३मध्ये आधी मेजर आणि पाच महिन्यांत ३३व्या पायदळ रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल. ही दोन्ही पदं विकत घेतली, पैसा भावाकडून. साडेसहा वर्षांत इतकी मजल पैशाशिवाय आणि वशिल्याशिवाय मारता आली नसती, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण १७९६चं कर्नलपद आणि १८०२चं मेजर जनरलपद ज्येष्ठतेने आलं. आणि 'लढाई पाहिली नव्हती' म्हणे! १७९४मध्ये बॉक्स्टेलला तो फ्रेंचांशी लढला. १७९९मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता. १८००मध्ये म्हैसूरकडच्या धोंड्या वाघ या बंडखोराचा पाठलाग करून त्याला संपवणारा तोच. १८०३च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला त्यानेच घेतला आणि २३ सप्टेंबरला असई झाली.

आक्षेप घ्यायचाच तर योग्य जागी घ्या. गव्हर्नर जनरल त्याचा सख्खा भाऊ होता. श्रीरंगपट्टण पडल्यावर हल्ल्याचं नेतृत्व करणाऱ्या बेअर्डला बाजूला ठेवून शहराचा ताबा धाकट्या वेलस्लीकडे दिला गेला, आणि बेअर्डचा त्यावर राग होता. ही घराणेशाही. तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

मला याहून जास्त लागलं ते वेगळं. असईला इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. ७४व्या रेजिमेंटची तर वाताहत झाली. शिंद्यांच्या तोफखान्याने हे केलं, आणि त्याचे गोलंदाज तोफांजवळच कापले गेले, जागा सोडून पळाले नाहीत. समोर पैसे भरून आलेला अडाणी होता असं सांगून आपण या माणसांचं काय करतो, याचा विचार ज्याने हे लिहिलं त्याने केलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या त्या रानात जे झालं ते दोन तयार फौजांमधलं होतं.

सुभेदारीची गोष्ट तर पूर्ण उलटी आहे. कंपनीची फौज आणि राजाची फौज वेगळ्या. कंपनीच्या फौजेत पदं विकायची पद्धतच नव्हती. गोऱ्या पोरांना कॅडेट म्हणून घेण्याचा अधिकार डायरेक्टरांकडे होता आणि पुढची बढती ज्येष्ठतेने. त्या नेमणुकांमध्येही पैसे खाल्ले जात होते. १८०९मध्ये पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली तेव्हा ते बाहेर आलं. पण तो गुन्हा म्हणून बाहेर आला. आपल्या शिपायांचं तर वेगळंच दुखणं होतं. बंगाल लष्करात निव्वळ ज्येष्ठतेचा नियम, त्यामुळे माणूस सुभेदार होईपर्यंत केस पिकलेले असायचे. एका शिपायाच्या पगारात कोण सुभेदारी विकत घेणार होता? पुढच्या काळात डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले, ते लष्करी शाळेत शिकवण्याच्या नोकरीतून. ज्या घरांनी ही पदं नोकरी घासून मिळवली, त्यांच्याबद्दल असं लिहिताना जरा जीभ चावायला हवी होती.

१८५७चा संबंध थोडक्यात संपवतो. पद्धत १ नोव्हेंबर १८७१ला बंद झाली, उठावानंतर चौदा वर्षांनी. क्रिमियाच्या युद्धात झालेली शोभा आणि नंतर प्रशियाने फ्रान्सचा केलेला पराभव, ही कारणं. युद्धमंत्री कार्डवेलने विधेयक आणलं, लॉर्ड्स सभेने अडवलं, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने राणीच्या हुकूमनाम्याने पदविक्री रद्द करून टाकली. अधिकाऱ्यांना भरपाई मिळाली, बेकायदा दिलेल्या वरच्या पैशांचीसुद्धा. १८५७शी खरं नातं सांगायचं तर हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचं सांगावं. नानासाहेबांच्या फौजेशी कानपूरला लढलेला हा माणूस पैसे नसल्यामुळे २३ वर्षं कॅप्टन होऊ शकला नव्हता. खालचे लोक पैसे भरून त्याच्या डोक्यावरून पुढे गेले. पद्धत किती वाईट होती याचा यापेक्षा ठळक पुरावा नाही.

आणि आता ज्या वाक्यासाठी दाजींनी मला विचारलं ते. 'रीत ठेवून गेला' कशी? इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत हिंदी, म्हणजे भारतीय, मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या १९१८पासून. विक्री बंद होऊन तेव्हा जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात १९२६मध्ये सँडहर्स्टमधून अधिकारी झाले, ते परीक्षा आणि प्रशिक्षणातून. तिथली फी आईवडिलांना भरावी लागे आणि ती जड होती, पण ती शाळेची फी होती. १९३२ला डेहराडूनची अकादमी सुरू झाली. एकाही हिंदी माणसाने ब्रिटिश सैन्यातलं पद त्या दरपत्रकाने घेतलेलं नाही, कारण त्याच्यासाठी ते दार उघडलं तेव्हा दरपत्रकच उरलं नव्हतं.

आज एनडीएला लेखी परीक्षेचे ९०० गुण आणि एसएसबीचे, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या चाचण्यांचे, ९००. एसएसबीत पाच दिवस तीन वेगवेगळे अधिकारी मुलाला स्वतंत्रपणे तपासतात: मानसशास्त्रज्ञ, मैदानावरच्या गटकामांचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा. मग वैद्यकीय, मग गुणवत्ता यादी. कुठेच गैरप्रकार होत नाहीत असं मी म्हणणार नाही. २०२१मध्ये सीबीआयने अधिकारी भरतीत लाच घेतल्याच्या आरोपावरून लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांवर गुन्हा नोंदवला. पण बघा, गुन्हा नोंदवला. इंग्लंडमध्ये ४५० पौंड भरणाऱ्याचं नाव गॅझेटमध्ये यायचं. इथे पैसे देणाऱ्याचं नाव एफआयआरमध्ये येऊ शकतं, आणि पोराची उमेदवारी जाते ती वेगळीच.

बहुतेक वेळा तर पैसे कुठल्याही अधिकाऱ्यापर्यंत पोचतही नाहीत. दलाल दहा जणांकडून घेतो; त्यातला एखादा स्वतःच्या अभ्यासावर पास होतो, त्याचे ठेवून घेतो, आणि बाकीच्यांना पुढच्या वेळी बघू म्हणतो. अशा माणसाकडे मुलाची मूळ प्रमाणपत्रं आधीच गेली असतील, तर दाजी, आजच जाऊन परत आणा. देत नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, मी सोबत येतो. पालकांच्या ग्रुपवर मेसेज कुणी टाकला हेही बघा. तोच माणूस दोन दिवसांनी कुणाचा तरी नंबर देत असेल, तर तो नंबर पोलिसांना द्या.